नावेत बसणाऱ्यांच्या डोक्यावर

त्या कागदावरचा सगळा मजकूर छापील होता. दोन वाक्ये तेवढी हाताने लिहिलेली होती. ‘केबिनमध्ये डोक्यावर पुरेशी मोकळी जागा नाही. छत उंच करून नाव पावसाळ्यापूर्वी फेरतपासणीस दाखवावी, अन्यथा घाटावरून उतारू नेता येणार नाहीत.’ खाली सही होती, सहीवर शिक्का होता आणि शिक्क्यातली तारखेची जागा कोरी होती. बिनतारखेचा शिक्का पाहिला की माझे डोके फिरते. नोकरी संपली, केस पिकले, तरी ही खोड गेलेली नाही, आणि ती जावी अशी माझी इच्छाही नाही.

कागद घेऊन आला होता आमच्या सिरोंच्याच्या घाटावरचा एक नावाडी. ढिवरांच्या वस्तीतला, माझ्याच वयाचा, अंगाने माझ्या निम्मा आणि ताकदीने दुप्पट. त्याच्या मागे, ओट्याच्या पायरीखाली, त्याची बायको उभी होती. घाटावर सगळे तिला नुसते ‘बाई’ म्हणत. मीही इथे तसेच म्हणेन.

“भाऊ, साहेबानं सांगतलं तं छप्पर उचलून टाकतो,” नावाडी म्हणाला. “किती उचलाचं थे कागदात पाहून सांगा.”

कागदात ते नव्हते. ‘पुरेशी’ एवढेच होते. कायद्याच्या लिखाणात ‘पुरेसे’ हा शब्द दिसला की समजावे, लिहिणाऱ्याने आपले काम वाचणाऱ्याच्या गळ्यात बांधले आहे. नियम कोणता, त्याचे कलम कोणते, मोजमाप कुठून कुठपर्यंत घेतले, यांपैकी कशाचाही पत्ता त्या कागदात नव्हता. मी तो घडी करून जाकिटाच्या खिशात ठेवला आणि नावाड्याला बजावले, मी सांगेपर्यंत छताच्या एका खिळ्यालाही हात लावू नका.

मी दिवाणी न्यायालयात नाझर होतो. समन्स, जप्ती, ताबा, लिलाव यांची अंमलबजावणी हे नाझराचे काम, म्हणजे थोडक्यात लोकांच्या दाराशी नको असलेले कागद पोहोचवणे. सबंध नोकरी त्यात गेली. त्यामुळे कागद कसा असावा याविषयी माझी मते ठाम होती, आणि कागद तसा नसेल तर मी संबंधितांना पत्र लिहीत असे. घाटावरच्या चहाच्या टपरीवर माझा उल्लेख ‘अर्जवाले साहेब’ असा होई, हे मला माहीत होते. शेवटची नेमणूक सिरोंच्याला झाली. निवृत्तीनंतर चंद्रपूरला परतायचे ठरले होते. परंतु माझ्या पत्नीने प्राणहितेकाठची संध्याकाळची हवा सोडायला नकार दिला, आणि त्या निकालावर मी अपील केले नाही.

नाव माझ्या ओळखीची होती, कारण तिचा लिलाव मीच पुकारला होता. एका लाकूड ठेकेदारावर हुकूमनामा झाला, त्याची मालमत्ता जप्त झाली, आणि ओंडके, साखळ्या, वजनकाटा अशा मालाच्या शेवटी ‘शिडाची लहान जुनी नाव, केबिनसह’ अशी नोंद होती. ती मुळात कुणासाठी बांधली गेली हे ठेकेदारालाही ठाऊक नव्हते. गोदावरीच्या खालच्या अंगाला, आंध्रात, फिरतीवरच्या कुण्या इंग्रज इंजिनिअरसाठी ती बांधली असावी, असा लोकांचा अंदाज होता. सागवानी फळ्या, मधोमध डोलकाठी, आणि तिच्यामागे दोन्ही बाजूंना बाकडी असलेली ठेंगणी खोली. लिलावात ओंडक्यांसाठी लोकांची झुंबड उडाली. नावेवर बोली लावली ती एकट्या या नवरा-बायकोने. “ढिवरानं बंगला घेतला,” गर्दीतून कुणीतरी म्हणाले, सगळे हसले, आणि त्या नावेचे नाव ‘बंगला’ पडले ते कायमचे.

पुढे याच बंगल्यापाशी लोक हात जोडून उभे राहू लागले. पावसाळ्यात आमच्याकडे नाले भरले की रस्ता तुटतो आणि नदीकाठची गावे जिथल्या तिथे राहतात. त्या गावांतून अडलेली बाई सिरोंच्याच्या दवाखान्यात आणायची तर नाव हाच मार्ग. बाकीच्या नावा उघड्या. भर पावसात कळा देणाऱ्या बाईला त्यात कसे आणणार? बंगल्याला छप्पर होते. नावाडी सुकाणूवर आणि बाई आत, रोग्याचे डोके मांडीवर घेऊन, असे ते दोघे येत. त्या वर्षी त्यांची स्वतःची लेक वरच्या अंगाच्या एका गावी गरोदर होती आणि श्रावणात मोकळी होणार होती. मृग लागायच्या आत उतारू नेण्याचा परवाना मिळाला नाही तर बंगला घाटाला बांधून राहणार होता. परवान्याविना आणलेला उतारू नदीत सापडला तर नावच जप्त होईल, हे परवाना देणाऱ्या कार्यालयातल्या चपराशाने त्यांना बजावून सांगितले होते.

माझा राग सुरुवातीला फक्त कागदावर होता. छत उंच करण्यात काही धोका असेल हे मला सुचलेसुद्धा नव्हते. ते प्रथम बोलली बाई, आणि तेही नवऱ्याला उद्देशून, पायरी उतरता उतरता. “वरतं जड झालं का नाव कलंडते, हे साहेबाले कोन सांगंल?”

“कलंडली तं मी आहो ना,” नवरा म्हणाला.

“तू आहेस म्हनूनच सांगून राह्यली.”

नावाड्याला नदीचे भय नव्हते, कागदाचे होते. नदीला तो सांभाळून घेऊ शकत होता. कागदाला कसे सांभाळायचे ते त्याला येत नव्हते. त्याने एका सुताराशी बोलूनही ठेवले होते. हा सुतार बैलबंड्या आणि दारांच्या चौकटी बनवी. नाव त्याने आयुष्यात दुरुस्त केली नव्हती, पण आत्मविश्वास दांडगा. “घराचं छप्पर उचलतो, गोठ्याचं उचलतो,” तो मला म्हणाला, “नावेनंच काय पाप केलं?” त्याला मी थोपवून धरले, पण मृगाआधीचे थोडेच दिवस तो रिकामा होता, आणि ते गेले तर दुसरा सुतार मिळणार नव्हता. नावाडी रोज संध्याकाळी घराबाहेर उभा राही आणि विचारी, “भाऊ, करू काय सुरू?”

मी पत्रे लिहू लागलो. कार्यालयाला लिहिले की नियमाची प्रत द्यावी. पण बाईचे ते वाक्य मनातून जात नव्हते, म्हणून त्याबरोबरच मी जुन्या लहान शिडाच्या नावांविषयी जिथून माहिती मिळेल तिथे लिहिले. समुद्रकाठच्या एका बंदराच्या कचेरीला लिहिले, नागपूरच्या मोठ्या ग्रंथालयाला लिहिले, आणि कोकणातल्या एका जुन्या नावा बांधणाऱ्याला लिहिले, ज्याचा पत्ता माझ्या नोकरीतल्या एका सहकाऱ्याने दिला. प्रश्न सगळ्यांना तेच: अशा नावांच्या केबिनची उंची किती ठेवीत, ती कुठून मोजीत, छताचे वासे कसे बसवीत, आणि छत वाढवले तर काय होते? समुद्रापासून इतक्या लांब, जंगलाच्या जिल्ह्यातून, नावेच्या छताविषयी विचारणा करणारा हा निवृत्त नाझर कोण, असे त्यांना वाटले असेल. पत्नीला तर वाटलेच. “अहो, नदी समोर आहे, नाव समोर आहे आणि तुम्ही पोस्टात का जाता?” तिने विचारले. टपरीवर त्याहून पुढची मजल होती. अर्जवाले साहेब समुद्राला नोटीस देणार आहेत, असे तिथे चालले होते.

बंदराच्या कचेरीने उत्तर दिले नाही. त्यांना मी स्मरणपत्र पाठवले, दुसरे पाठवले, आणि आजतागायत ते मला उत्तर देणे लागतात.

ग्रंथालयाने कळवले की या विषयावर इंग्रजी पुस्तके आहेत, मात्र ती तिथेच बसून पाहावी लागतील. मी आलापल्लीमार्गे एस.टी.ने चंद्रपूर गाठले आणि तिथून नागपूर. उन्हाळ्याचे दिवस, वाचनालयात पंख्याचा खडखड आवाज, आणि माझ्यासमोर जुन्या, लहान, शिडाच्या नावांच्या आराखड्यांचे एक जाडजूड पुस्तक. इंग्रजी मला कोर्टापुरते येते. नावांचे इंग्रजी मला शब्दकोश मांडीवर घेऊन वाचावे लागले. पण चित्रे कळत होती. प्रत्येक नाव मधोमध कापून दाखवली होती, जणू कलिंगडाची फोड: वर किंचित वाकवलेले वासे, वाशांवर पातळ फळ्या, फळ्यांवर रंगात भिजवलेले जाड कापड, खाली फासळ्या, आणि फासळ्यांच्या अगदी लगत जमिनीची फळी. आणि त्या प्रत्येक फोडीत, मापाचा अंदाज यावा म्हणून, टोपी घातलेला एक माणूस काढलेला होता.

तो माणूस बसलेला होता.

मी पाने उलटीत गेलो. लहान नावांत तो सगळीकडे बसलेला होता, बाकड्यावर, पाठ ताठ, टोपी वाशांपासून वीतभर खाली. मोठ्या गलबतांच्या चित्रांत तो उभा राहिलेला दिसे; लहान नावांत कधीही नाही. लेखकाने त्या उंचीला स्वतंत्र शब्दच योजला होता, ‘सिटिंग हेडरूम’. मला एवढा आनंद झाला की मी समोरच्या टेबलावरच्या विद्यार्थ्याला ते चित्र नेऊन दाखवले. तो बिचारा रसायनशास्त्र वाचत होता. ग्रंथपालाची परवानगी घेऊन मी पातळ कागदावर तीन-चार आडवे छेद गिरवून घेतले, टोपीवाल्या माणसासकट. इतक्या वर्षांत कोर्टात अनेक साक्षीदार पाहिले. इतका स्थिर साक्षीदार पाहिला नव्हता.

परतलो तेव्हा कोकणातले पत्र येऊन पडले होते. म्हाताऱ्याचा हात चालत नसावा. अक्षर कुणा मुलीचे होते, पण मजकूर त्याचाच, सरळ आणि खडसावणारा. छत वाढवू नका, त्याने लिहिले होते. शिडाच्या लहान नावेत वर वजन आणि वर भिंत, दोन्ही वाऱ्याच्या हातात दिलेली दांडकी. अशा नावेत माणूस वाकून आत जातो, आत बसतो किंवा निजतो. उभे राहायचे ते आभाळाखाली. ज्याला उंची हवी त्याने छताकडे पाहू नये, पायाखाली पाहावे. आणि शेवटी एक प्रश्न होता: ‘तुमच्या नावेची जमीन कुठल्या लाकडाची आहे ते तुम्ही लिहिले नाही. ती उघडून पाहिली काय?’

मी पाहिली नव्हती. कारण बंगल्याची जमीन लाकडाची आहे हे आत गेल्यावर कुणालाच वाटले नसते. ती सारवलेली होती.

दुसऱ्या दिवशी गिरवलेले आराखडे आणि मोजपट्टी घेऊन मी बंगल्यात शिरलो. चित्रात टोपीवाल्याचे गुडघे काटकोनात होते. मी बाकड्यावर बसलो तर माझे गुडघे छातीला लागले. म्हणजे बाकडे ठेंगणे नव्हते, जमीन वर आली होती. बाईला विचारले. तिने अगदी सहज सांगितले, आम्ही घेतली तेव्हा खाली फळ्याच होत्या; पण बिनसारवल्या घरात पाय कसा ठेवावा? पहिल्या दिवाळीला तिने माती-शेणाचा हात फिरवला. मग दर पोळ्याला, दर दिवाळीला. आणि नावेतून अडलेली बाई आणली की तिला दवाखान्यात सोडून आल्यावर पुन्हा एक हात, कारण आत रक्त सांडलेले असे, पाणी सांडलेले असे, आणि पुढची जी येईल तिला स्वच्छ जमीन हवी. एक-दोनदा मूल वाटेतच, आतच जन्मले होते. त्या वेळी तर भुईला चांगला जाड थर दिला होता, ती म्हणाली. नावेला ती घरच समजत आली होती, आणि घराची जमीन जशी राखतात तशी तिने ती राखली होती. थरावर थर चढून छत न हलता खाली आले होते.

मला हसू आले, आणि भांडावे तर समोर कुणीच उरले नव्हते. वितंडवादी माणसाची ती मोठीच पंचाईत असते.

“मंग काय चुकलं, भाऊ?” तिने विचारले. ती घाबरली होती.

“काही चुकले नाही, बाई. पण ही माती काढावी लागेल.”

नावाड्याने सब्बल, म्हणजे पहार, आणली. थर पापुद्र्यांसारखे निघत होते. कुठे बांगडीची काच निघाली, कुठे तांदळाचे दाणे, कुठे कुणाच्या तरी जोडव्याचा तुकडा. बाई बाजूला बसून पाहत होती. जोडव्याचा तुकडा तिने पदराला पुसून कनवटीला लावला. ज्या गावच्या बाईचे ते होते तिला तो परत द्यायचा म्हणाली. दुपारपर्यंत टोपल्यांमागून टोपल्या माती काठावर पडली आणि खाली जुन्या सागाच्या फळ्या दिसल्या, चित्रातल्यासारख्याच फासळ्यांना लगटून. कोकणातल्या म्हाताऱ्याने पत्रात हेही लिहिले होते की तळाशी वजन असले तर नाव स्थिर राहते; इतकी वर्षे त्या मातीने ते काम केले असणार. म्हणून फळ्या उचलून फासळ्यांच्या मधल्या जागेत नदीतले चपटे दगड बसवले आणि फळ्या परत ठोकल्या. वजन पूर्वीपेक्षा खाली गेले आणि जमिनीपासून छतापर्यंतची उंची चांगली वीतभर वाढली. आता बाकड्यावर गुडघे काटकोनात ठेवून मी ताठ बसलो, तरी माझ्या टोपीच्या वर पंजा आडवा मावत होता.

मात्र उभे राहायचे म्हटले तर वाकावेच लागत होते. सुतार काठावरून हे सारे पाहत होता. “साहेब, एवढं खोदलं, तरी मान तं वाकडीच,” तो म्हणाला. “सांगा, छप्पर कवा उचलू?”

मी कार्यालयात गेलो. तपासणी करणारा इंजिनिअर तरुण होता, नुकताच नोकरीला लागलेला. त्याच्यावर तुटून पडण्याच्या तयारीने गेलो होतो. पण त्याने खुर्ची दिली, पाणी मागवले आणि सांगितले की तपासणीच्या दिवशी आत उभा राहताना त्याचे डोके वाशावर इतके आदळले की डोळ्यांपुढे अंधारी आली. नाव बुडाली आणि लोक घाईने उठले तर त्यांचेही डोके आदळेल, या काळजीने त्याने तो शेरा लिहिला होता. “काका, मी कुणाच्या पोटावर पाय द्यायला लिहिले नाही,” तो म्हणाला. मी आराखडे मांडले, म्हाताऱ्याचे पत्र वाचून दाखवले. त्याने मन लावून ऐकले. मग म्हणाला की पुस्तके इंग्रजांची आहेत, पत्र खाजगी आहे. नियमात बसेल असे काही दाखवा, मी शेरा बदलतो. आणि माझ्या मागणीनुसार नियमाची प्रत त्याने स्वतः उतरवून दिली. वाक्य एकच होते: ‘नावेत बसणाऱ्या उतारूंच्या डोक्यावर पुरेशी मोकळी जागा असावी.’

ते वाक्य मी एस.टी.त वाचले, घरी वाचले, पत्नीला वाचून दाखवले. ‘पुरेशी’ या शब्दावर मी दोन पाने युक्तिवाद लिहिला आणि तो मलाच पटला नाही. मृग तोंडावर आला होता. सुताराने करवतीला धार लावली होती आणि नावाड्याने माझ्याकडे विचारायला येणे थांबवले होते. हे थांबणे मला विचारण्यापेक्षा जड गेले. परक्या माणसाचा शब्द मोडायचा कसा, म्हणून तो टाळत होता. पण सोमवारच्या बाजारानंतर काम सुरू करायचे त्याने ठरवले आहे, असे मला पत्नीकडून कळले.

त्या सोमवारी सकाळी मी नदीपलीकडच्या तेलुगू मुलखात, काळेश्वरला, दर्शनाला जायला निघालो. देवावर माझा विश्वास बेताचा आहे. पण दुसरे कुठले अपील उरले नव्हते. नाव दुसऱ्याची, उघडी होती. बाईही त्याच नावेत होती. पलीकडच्या बाजारात तिचे काम होते. बाजाराची गर्दी, टोपल्या, कोंबड्या, अर्धे लोक तेलुगू बोलणारे. मधोमध गेल्यावर शेजारच्या कुणीतरी विचारले, बंगल्याचे काय झाले? मग मला राहवले नाही. मी उभा राहिलो आणि नियम कसे लिहावेत, तारखेशिवाय शिक्का मारणे म्हणजे काय, आणि ‘पुरेसे’ या शब्दाने या देशात किती माणसांचे नुकसान केले आहे, हे सगळ्या नावेला सांगू लागलो. नाव डुलू लागली. एक कोंबडी ओरडली. त्या नावेचा नावाडी मला खाली बसवायला तेलुगूत ओरडत होता, “कूर्चोंडी, कूर्चोंडी!” आणि मी त्यालाही समजावू लागलो, तेवढ्यात बाईने माझे धोतर धरून मला खाली ओढले.

“भाऊ, खाली बसा. नावेत बसाले आले का भाषन द्याले?”

सगळी नाव हसली. मीही बसलो, संतापाने लाल होऊन. आणि बसल्या बसल्या तो संताप कुठल्या कुठे गेला, कारण तिचा शब्द माझ्या कानात राहिला होता. नावेत बसाले. तेलुगू माणूस नावेवर चढतो. इंग्रजीत नावेवर जातात. मराठीत आपण नावेत बसतो. उभे राहून प्रवास केला तरी म्हणताना ‘नावेत बसलो’ असेच म्हणतो. हा शब्द आपल्या तोंडी इतका रुळला आहे की त्यात ‘बसणे’ आहे हे ऐकू येत नाही. मी खिशातली प्रत काढली. नावेत बसणाऱ्या उतारूंच्या डोक्यावर. नियम करणाऱ्याला फक्त ‘प्रवास करणाऱ्या’ म्हणायचे असेल. पण त्याने लिहिले होते ते ‘बसणाऱ्या’. बसलेल्या माणसाचे डोके! टोपीवाल्या माणसाचे डोके!

देवदर्शन राहिले. त्याच नावेने परत आलो, थेट सुताराकडे गेलो आणि त्याच्या करवतीवर हात ठेवून सांगितले की आज नाही. मग अर्ज लिहिला. तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात आखूड अर्ज असेल. राज्यकारभाराची भाषा मराठी, नियमाचा पाठ मराठी, त्यातला शब्द ‘बसणाऱ्या’. तरी बसलेल्या उतारूच्या डोक्यावरील जागा मोजावी, ही विनंती. सोबत आराखडे जोडले.

इंजिनिअर फेरतपासणीला आला त्या दिवशी आभाळ भरून आले होते. घाटावर बरेच लोक जमले होते. त्याने अर्ज वाचून हसत म्हटले, “काका, हा तर शब्दाचा खेळ झाला.”

“नियम शब्दांचेच असतात,” मी म्हणालो. “लाकडाची असते ती नाव. ती उभ्या माणसासाठी बांधलेलीच नाही.”

मग त्याने बूट काढले आणि वाकून, एक हात कपाळावर धरून, आत गेला. बाईने बाकड्यावर गोधडी अंथरली होती. तो बसला. पाठ ताठ केली. आपल्या डोक्यावरून हात फिरवला, वाशापर्यंत नेला, पुन्हा फिरवला. बाहेर नावाडी पाण्यात गुडघाभर उभा होता आणि नाव हलू नये म्हणून दोन्ही हातांनी तिची कड धरून होता, जणू तिने श्वास घेतला तरी परवाना जाईल.

“नाव बुडाली तर?” इंजिनिअरने आतून विचारले. हा प्रश्न त्याला खरोखरच छळत होता.

उत्तर बाईने दिले. “तवा साहेब, मी पयले दार उघडून बाहीर ढकलतो. आतापावेतो कोनाले आत राहू देल्लं नाई.”

त्याने दार बाहेर उघडते की आत, ते पाहिले. बाहेर उघडत होते. मग कागद मांडीवर घेऊन त्याने लिहिले: ‘बसलेल्या उतारूंच्या डोक्यावर पुरेशी जागा आहे. छतात बदल करू नये.’ दुसरे वाक्य मी मागितले नव्हते. ते त्याने आपणहून लिहिले. सही केली, शिक्का मारला. मी कागद घेतला, पाहिला आणि त्याच्यापुढे परत धरला. त्याने पेन काढून तारीख घातली.

नावाड्याने आनंद झाल्याचे दाखवले नाही. त्याने फक्त कड सोडली, आणि बंगला थोडा डुलला.

दुसऱ्या दिवशी त्या कागदाची प्रमाणित प्रत द्यायला मी घाटावर गेलो. रात्रीतून पाऊस झाला होता, नदीचे पाणी गढूळ झाले होते. बंगल्याचे दार उघडे होते आणि आत बाई गुडघ्यांवर बसून, शेजारी बादली घेऊन, पुन्हा ठोकलेल्या फळ्यांवर सारवणाचा हात फिरवत होती. अर्धी जमीन झाली होती. मी दारात उभा राहिलो. माझ्या मनात मोजपट्टी उलगडली: एक हात म्हणजे इतके, वर्षाला इतके हात, म्हणजे अमुक वर्षांनी टोपीवाल्याचे गुडघे पुन्हा छातीशी. बोलण्यासाठी मी तोंड उघडले.

तिने वळून पाहिले. “पातळच देऊन राह्यली, भाऊ,” ती म्हणाली. “पोरगी येनार आहे. बिनसारवल्या जागेवर बाळंतीन कशी निजवू?”

माझ्याकडे आराखडे होते, पत्र होते, नियम होता. ते सगळे मी मोजपट्टीसकट मनातच गुंडाळून ठेवले. मी प्रत नावाड्याच्या हाती दिली आणि विचारले की वाळायला किती वेळ लागेल. ऊन पडले तर लवकर, तो म्हणाला. ऊन पडायचे लक्षण नव्हते. तरी आम्ही दोघे काठावरच्या उपसलेल्या मातीच्या ढिगावर बसलो आणि आतली जमीन वाळायची वाट पाहू लागलो.